पोकेमॉनच्या खेळात नियम बदलला की चाहते का खवळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोकेमॉनचा नवा खेळ जाहीर झाला की आमच्या गटात तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. विचारणारे बहुतेक नवे असतात, उत्तर देणारे थकलेले असतात आणि दोन दिवसांत भांडण पेटतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो: नवं काही आलं म्हणून चाहते फारसे चिडत नाहीत. हातातलं काही काढून घेतलं की चिडतात, आणि ते चिडणं बहुतेक वेळा योग्य असतं.

‘गेमप्ले मेकॅनिक’ म्हणजे नेमकं काय?

खेळ ज्या नियमांवर चालतो, ते नियम. बुद्धिबळात घोडा अडीच घरं चालतो, ही बुद्धिबळाची मेकॅनिक. चित्रं, संगीत किंवा गोष्ट बदलली तर खेळ वेगळा दिसतो. मेकॅनिक बदलली की खेळणाऱ्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं बसलेली गणितं बदलतात.

पोकेमॉनचे मूळ नियम किती बदललेत?

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेमबॉय या हातात धरायच्या यंत्रावर ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ आले. १५१ पोकेमॉन म्हणजे पकडून लढवायचे प्राणी, सोबत सहांची पार्टी, प्रत्येकाला चार मूव्ह म्हणजे चाली, आणि पाळीपाळीनं वार. सहांची पार्टी आणि चार मूव्ह आजही तशाच आहेत. बाकी जवळजवळ प्रत्येक गोष्टीला हात लागलाय. १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये डार्क आणि स्टील हे टाइप (पोकेमॉनचे आणि मूव्हचे आग, पाणी यांसारखे प्रकार) आले, स्पेशल या एका स्टॅटचे (ताकदीच्या आकड्याचे) दोन झाले, अंडी घालणं आलं. २००२ च्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’मध्ये अॅबिलिटी (प्रत्येक पोकेमॉनची अंगभूत खासियत) आणि नेचर (स्टॅट थोडे वरखाली करणारा स्वभाव) आले. पुढचे बदल खालच्या उत्तरांत येतीलच.

सगळ्यांनी एकमुखानं मान्य केलेला बदल कुठला?

२००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मधली फिजिकल-स्पेशलची फोड. हे जरा नीट समजून घ्या, कारण चांगला बदल कसा असतो ते इथे दिसतं.

त्याआधी एखादा वार अंगाच्या ताकदीचा आहे की दुसऱ्या प्रकारच्या शक्तीचा, हे त्याच्या टाइपवरून ठरायचं. आग, पाणी, वीज, बर्फ, डार्क हे सगळे स्पेशल. नॉर्मल, फायटिंग, रॉक, घोस्ट हे सगळे फिजिकल. फिजिकल वाराचा जोर अटॅक या आकड्यावरून, स्पेशलचा स्पेशल अटॅकवरून. त्यामुळे काही पोकेमॉनवर सरळसरळ अन्याय व्हायचा. ‘फायररेड’मधला हिटमॉनचॅन घ्या. हा बॉक्सर. त्याचा अटॅक १०५ आणि स्पेशल अटॅक फक्त ३५. तो फायर पंच, आइस पंच, थंडर पंच शिकतो. बुक्की मारायची हातानं, पण आग, बर्फ आणि वीज स्पेशल असल्यामुळे हिशोब व्हायचा त्या ३५ वर. गॅराडोसचंही तेच. एवढा अजस्र प्राणी, अटॅक १२५, पण पाण्याचा प्रत्येक वार त्याच्या ६० च्या स्पेशल अटॅकनं मारावा लागायचा. डार्क टाइपही स्पेशल, म्हणून तो चावला तरी हिशोब त्या ६० नंच.

‘डायमंड’ आणि ‘पर्ल’नं हा निर्णय टाइपकडून काढून प्रत्येक मूव्हकडे दिला. बुक्की फिजिकल, चावा फिजिकल, वॉटरफॉल फिजिकल, सर्फ स्पेशल. एका रात्रीत गॅराडोसला त्याच्या अंगासारखी ताकद मिळाली.

तोटा कुणाचाच झाला नाही असं मात्र नाही. अलाकझॅम आपल्या प्रचंड स्पेशल अटॅकवर त्याच तीन बुक्क्या वापरायचा. त्या फिजिकल झाल्यावर त्याच्या हातातून गेल्या. सेप्टाइलच्या लीफ ब्लेडचंही तसंच झालं. तरी ओरड फार झाली नाही. नियम ऐकताच पटण्यासारखा होता आणि जितक्यांचं गेलं त्याच्या कितीतरी पट जास्त पोकेमॉन खेळण्याजोगे झाले.

तुम्ही सतत ‘फायररेड’चंच उदाहरण का देता?

आपल्याकडच्या बऱ्याच जणांची सुरुवात तिथूनच झालीये म्हणून. कार्टून नेटवर्कवर मालिका बघून वेड लागलं, पण गेमबॉय घरात असणारी मुलं मोजकीच. मग पुढे कधीतरी फोनवर इम्युलेटर (जुन्या यंत्रांचे खेळ चालवणारं अॅप) आला आणि त्यात २००४ चा ‘फायररेड’. मीही त्यातलाच.

याचा एक परिणाम वादांमध्ये दिसतो. इथले अनेक जण ‘मूळ खेळात असं नव्हतं’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ‘फायररेड’ असतो. ‘फायररेड’ स्वतःच १९९६ च्या खेळाची नवी आवृत्ती आहे. त्यातल्या अॅबिलिटी आणि नेचर मूळ खेळात नव्हत्याच. ज्याला जो खेळ पहिला भेटला, त्याच्यासाठी तोच मूळ.

त्या ‘फायररेड’मधलीही एक गोष्ट मला तेव्हा फार लागली होती. माझा गोल्बॅट हा पोकेमॉन लेव्हल चढला की इव्हॉल्व्ह व्हायला (पुढच्या रूपात बदलायला) लागायचा आणि आपोआप थांबायचा. पुन्हा लेव्हल, पुन्हा तेच. फाइल खराब झाली असं वाटून मी सगळा खेळ पहिल्यापासून खेळलो. नंतर कळलं की क्रोबॅट, म्हणजे गोल्बॅटचं पुढचं रूप, ‘फायररेड’च्या कँटो प्रदेशातला नाही, म्हणून नॅशनल डेक्स (सगळ्या प्रदेशांतल्या पोकेमॉनची नोंदवही) मिळेपर्यंत खेळच त्याला अडवतो. आणि तो डेक्स एलीट फोर या शेवटच्या चार प्रतिस्पर्ध्यांना हरवून ६० प्रजाती पकडल्याशिवाय मिळत नाही. कारण न सांगता अडवणूक केली की खेळाडूला किती वाईट वाटतं, हे मी तेव्हा शिकलो.

एचएम गेल्याचं कुणाला दुःख झालं का?

फारसं नाही. एचएम म्हणजे वाट मोकळी करायला पोकेमॉनला शिकवायच्या खास मूव्ह: झाड तोडायला कट, पाणी ओलांडायला सर्फ, दगड ढकलायला स्ट्रेंग्थ. या मूव्ह शिकवल्या की मूव्ह डिलीटरकडे गेल्याशिवाय विसरता येत नसत. त्यामुळे पार्टीतला एक जण हमालासारखा फक्त ओझी वाहायला ठेवावा लागायचा. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये स्वारीचे पोकेमॉन आले आणि ही कटकट संपली.

एक्सपी शेअरवरून इतकी भांडणं का होतात?

लढाईतल्या अनुभवाची (एक्सपी, ज्यानं लेव्हल चढते) वाटणी ही कल्पना अगदी १९९६ पासून आहे. पहिल्या खेळात ‘एक्सपी ऑल’ नावाची वस्तू होती. नंतर कित्येक वर्षं एक्सपी शेअर ही एका पोकेमॉनच्या हातात द्यायची वस्तू होती. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये तिचं रूप बदललं: चालू केली की लढणाऱ्याला पूर्ण अनुभव आणि पार्टीतल्या उरलेल्या सगळ्यांना अर्धा. नको असेल तर बंद करायची सोय होती. २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये ते बटणच काढून टाकलं. वाटणी कायमची चालू.

एका बाजूचं म्हणणं असं की लेव्हल आपोआप इतक्या चढतात की जिम लीडर (वाटेवरच्या आखाड्यांचे प्रमुख) समोर टिकतच नाहीत. दुसरी बाजू म्हणते, नोकरी-संसार सांभाळून रोज अर्धा तास खेळणाऱ्यानं गवतात तासन्‌तास का फिरावं? दोघांचंही बरोबर आहे आणि म्हणूनच बटण हवं होतं. सोय देणं योग्य होतं, निवड काढून घेणं चूक.

हा बदल मला खरा कळला तो माझ्या दहा वर्षांच्या भाचीमुळे. ती ‘सोर्ड’ खेळत होती. तिनं एक मॅजिकार्प, म्हणजे गॅराडोस होण्याआधीचा दुबळा मासा, पकडला होता आणि पार्टीत सहाव्या जागेवर ठेवून ती त्याला विसरून गेली होती. एके दिवशी धावत आली: “मामा, हा लढलाच नाही, तरी गॅराडोस कसा झाला?”

‘फायररेड’मध्ये माउंट मूनच्या पायथ्याशी पोकेमॉन सेंटरात एक माणूस ५०० ला मॅजिकार्प विकतो. पाच लेव्हलचा, येतं काय तर नुसती फडफड. त्याला वीस लेव्हलपर्यंत न्यायचं म्हणजे प्रत्येक लढाईत आधी त्याला मैदानात उतरवायचं, लगेच मागे घ्यायचं आणि दुसऱ्याकडून लढाई जिंकून घ्यायची. हे किती वेळा केलं त्याची गणती नाही. शेवटी तो बदलला तेव्हा मी रात्री पांघरुणात फोन धरून बसलो होतो आणि मोठ्यानं ओरडलो होतो. भाचीला ती मेहनत पडली नाही. तिला तो क्षणही मिळाला नाही, एवढंच मला तेव्हा जाणवलं.

‘डेक्सिट’ म्हणजे काय आणि तो राग अजून का शमत नाही?

जून २०१९ मध्ये ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाच्या वेळी निर्माते जुनिची मासुदा यांनी सांगितलं की ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये सगळे जुने पोकेमॉन आणता येणार नाहीत. तोवर आठशेच्या वर प्रजाती झाल्या होत्या. एवढ्यांची हालचाल नीट करणं आणि लढतीतला समतोल राखणं अवघड झालंय, असं कारण दिलं गेलं. नॅशनल डेक्स परत आणा, अशी हॅशटॅगची मोहीम उभी राहिली आणि ब्रिटनच्या ब्रेक्झिटवरून ‘डेक्सिट’ हे नाव पडलं.

बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटतं. चारशे पोकेमॉन पुरत नाहीत का? पण प्रश्न आकड्याचा नाही. २००२ च्या ‘रूबी’मध्ये पकडलेला पोकेमॉन ‘डायमंड’मध्ये नेता येत होता, तिथून ‘ब्लॅक’मध्ये, पुढे पोकेमॉन बँक या ऑनलाइन साठवणीत. परत मागे आणता येत नसे, फक्त पुढे. तरी लोकांनी खेळामागून खेळ, यंत्रामागून यंत्र विकत घेत आपला तो एक जुना सोबती सतरा वर्षं पुढे पुढे आणला होता. कंपनीनंच ती वाट बांधून दिली होती. आणि एक दिवस सांगितलं की तुमच्या सोबत्याला या गावात प्रवेश नाही.

असं पहिल्यांदा झालं होतं असंही नाही. ‘रूबी’ आणि ‘सफायर’ आले तेव्हा आधीच्या दोन पिढ्यांमधून काहीच आणता येत नव्हतं आणि त्या वेळीही लोक दुखावले होते. फरक इतकाच की २००२ मध्ये सहा वर्षांचा संग्रह अडकला, २०१९ मध्ये सतरा वर्षांचा.

एवढी ओरड झाली, मग विक्री का घटली नाही?

‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’च्या २.६ कोटींहून जास्त प्रती खपल्या. पहिल्याच शनिवार-रविवारी ६० लाख. खेळ घेणाऱ्यांत बहुसंख्य मुलं, त्यांचे पालक आणि हलकंफुलकं खेळणारे असतात; त्यांना नॅशनल डेक्सचं नावही माहीत नसतं. शिवाय चिडलेल्यांपैकीही बरेच जण खेळ घेतात. मीही घेतला. ज्यावर जीव आहे त्यावरच माणूस रागावतो. राग धरला म्हणून नातं तुटत नाही. विक्रीचे आकडे दाखवून कुणी ‘चाहत्यांची तक्रार खोटी’ म्हणालं, तर ते मला मान्य नाही.

मेगा, झी-मूव्ह, डायनामॅक्स, टेरा: दर तीन वर्षांनी नवी करामत का?

नव्या खेळाच्या जाहिरातीत दाखवायला एक ठळक गोष्ट लागते. २०१३ मध्ये लढाईपुरतं आणखी ताकदवान रूप देणारं मेगा इव्होल्यूशन, २०१६ मध्ये लढाईत एकदाच मारता येणारी जबर झी-मूव्ह, २०१९ मध्ये तीन पाळ्यांपुरता राक्षसी आकार देणारा डायनामॅक्स, २०२२ मध्ये पोकेमॉनचा टाइपच बदलणारा टेरा.

चाहत्यांचं दुखणं असं की या गोष्टी साठत जात नाहीत. नवी येत राहते आणि जुनी कधी ना कधी जाते. मेगा आलं तेव्हा ‘हे डिजिमॉनसारखं झालं’, म्हणजे त्या दुसऱ्या जपानी मालिकेसारखं, अशी तक्रार होती. शिवाय ते निवडकांनाच मिळालं, चॅरिझार्डला तर दोन, याचाही राग होता. ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मधून मेगा काढून टाकल्यावर तेच मेगा परत आणा म्हणून वर्षानुवर्षं मागणी झाली. शेवटी ऑक्टोबर २०२५ च्या ‘लेजेंड्स झी-ए’मध्ये ते परत आलं.

यात चाहत्यांची कोलांटउडी दिसते असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. सहा वर्षं एखाद्या नियमाबरोबर घालवली, त्याच्या खाचाखोचा शिकलो, आपला आवडता पोकेमॉन त्या रूपात लढवला की तो नियम आपला होतो. आला तेव्हा परका होता, गेला तेव्हा घरचा.

माझ्या मते या चारांत टेरा सर्वांत विचारपूर्वक केलेला. कुठल्याही पोकेमॉनला कुठलाही टाइप मिळू शकतो, त्यामुळे उपेक्षित पोकेमॉनही अचानक उपयोगी पडतो. मेगानं काहींना राजा केलं, टेरानं सगळ्यांना एक संधी दिली.

स्पर्धा खेळणारे आणि गोष्टीसाठी खेळणारे यांचं एकमत का होत नाही?

दोघं वेगळाच खेळ खेळतात. गोष्टीसाठी खेळणाऱ्याला मेगा कांगास्कान म्हणजे पिशवीतून बाहेर आलेलं गोड पिल्लू. स्पर्धकासाठी ते पिल्लू म्हणजे प्रत्येक पाळीला दुसरा वार. २०१४ मध्ये त्यानं स्पर्धा व्यापून टाकल्या होत्या आणि ‘सन’ व ‘मून’मध्ये त्या दुसऱ्या वाराची ताकद निम्म्यावरून पाव केली गेली.

स्मोगॉन हा चाहत्यांनीच उभा केलेला समुदाय एकास-एक लढतींचे स्वतःचे नियम ठरवतो. त्यांनी डिसेंबर २०१९ मध्येच आपल्या मुख्य गटात डायनामॅक्सवर बंदी घातली. अधिकृत स्पर्धा दुहेरी लढतींच्या असतात आणि तिथे तोच डायनामॅक्स २०२२ च्या लंडनमधल्या जागतिक स्पर्धेपर्यंत डावपेचांच्या मध्यभागी होता. समोर दोघं असले की एक मार अंगावर घेतो आणि दुसरा वेळ काढतो. एकास-एकमध्ये ती सवड मिळत नाही. म्हणजे तोच नियम एका पटावर मोडकळीला आणणारा आणि दुसऱ्यावर रंगत वाढवणारा. टेराच्या वेळी स्मोगॉननं २०२३ मध्ये मतदान घेतलं आणि टेरा राहिला.

‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’वर टीका झाली ती मोकळ्या जगामुळे का?

बहुतेक टीका तांत्रिक होती: चित्र अडखळणं, माणसं जमिनीत जाणं. हा नियमांचा दोष नाही, घाईचा आहे, आणि दोन्ही एकत्र करू नयेत. मोकळ्या जगाबद्दलची नेमकी तक्रार वेगळी आहे. कुठल्याही जिमकडे कधीही जा असं खेळ म्हणतो, पण जिमच्या लेव्हल ठरलेल्याच. चुकून एखादं जिम मागे राहिलं तर नंतर ते चुटकीसरशी पडतं. वाट मोकळी केली, पण तिच्यावरची आव्हानं जागच्या जागी ठेवली.

पाळीपाळीची लढाई सोडून देणं योग्य आहे का?

जानेवारी २०२२ च्या ‘लेजेंड्स आर्सेअस’मध्ये गवतात लपून, लढाई न करता थेट बॉल फेकून पोकेमॉन पकडता येऊ लागला. ‘झी-ए’मध्ये तर लढाईच प्रत्यक्ष वेळेत आली, मूव्ह मारली की ती पुन्हा तयार होईपर्यंत थांबायचं आणि दरम्यान जागा बदलत राहायचं. या दोन्ही खेळांत अॅबिलिटी नाहीत, याची हळहळ जुन्या खेळाडूंना आहे. तरीही दोन्हींचं स्वागत बऱ्यापैकी मोकळ्या मनानं झालं, आणि मला त्याचं कारण नावात दिसतं. ‘लेजेंड्स’ ही वेगळी शाखा आहे. मुख्य मालिकेतलं काही हिरावलं गेलं नाही, शेजारी नवं घर बांधलं. प्रयोग करायची ही मला सर्वांत सभ्य पद्धत वाटते.

‘पोकेमॉन गो’चे खेळाडूही याच कारणांनी चिडतात का?

हो, आणि फोन घेऊन खऱ्या रस्त्यांवर चालत खेळायच्या या खेळात तर नियम थेट पायाशी येतो. कोविडच्या काळात पोकेस्टॉप (खऱ्या जागेवरचा, फोनवर फिरवला की वस्तू देणारा थांबा) फिरवण्याचं अंतर ४० मीटरवरून ८० केलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा ४० वर आणलं. जगभरच्या खेळाडूंनी एकजुटीनं विरोध केला आणि त्याच महिन्यात ८० मीटर कायमचं झालं. आपल्याकडे ती कपात पोहोचलीच नाही, पण धास्ती आम्हालाही होती. आमच्या इमारतीसमोरच्या रस्त्यापलीकडे मारुतीचं देऊळ आहे, तो आमचा पोकेस्टॉप. ८० मीटरमध्ये तो फाटकाच्या आतून फिरवता येतो. ४० झाले असते तर मुलांना प्रत्येक वेळी तो वाहता रस्ता ओलांडावा लागला असता.

कंपनी चाहत्यांचं ऐकते का?

उशिरा आणि अर्धवट. ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’च्या २०२० मधल्या दोन विस्तारांत दोनशेहून जास्त पोकेमॉन परत आले, पण सगळे नाही. मेगा परत आलं. दुसरीकडे २०१२ च्या ‘ब्लॅक २’मध्ये अवघड पातळीचा पर्याय होता, तोही खेळ संपल्यावर उघडणारा, लोक आजतागायत तो मागतात आणि मुख्य मालिकेत तो पुन्हा आलेला नाही. २०१० मध्ये टीएम (पोकेमॉनला मूव्ह शिकवणाऱ्या वस्तू) कितीही वेळा वापरता येऊ लागले, सगळे खूश झाले, आणि ‘स्कार्लेट’ व ‘व्हायोलेट’मध्ये ते पुन्हा एकदाच वापरायचे झाले; हवे असतील तर साहित्य गोळा करून नवे बनवायचे.

घरातल्या मुलाला सुरुवात कुठल्या खेळानं करून द्यावी?

जो हाताशी असेल त्यानं. निन्टेंडोचं स्विच असेल तर ‘सोर्ड’ किंवा ‘शील्ड’ चालेल. माझ्या तक्रारी मुलाच्या आड येणार नाहीत. फक्त मूल ज्या नियमांनी शिकतंय, तेच त्याचे मूळ नियम होणार आहेत, हे लक्षात ठेवा. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे त्यानं विचारल्यावर सांगा.

माझ्या भाचीनं विचारलं, म्हणून मी तिला सुट्टीत माझा जुना फोन दिला. माउंट मूनच्या पायथ्याशी तिनं ५०० मोजून मॅजिकार्प घेतला. रोज संध्याकाळी फोन येतो. काल तो चौदा लेव्हलला होता आणि पंधराव्याला टॅकल मिळेल असं तिनंच मला सांगितलं.